माघ-फाल्गुनातला फुलोरा: जांभूळ फुलण्याआधी मधमाशांनी खायचं काय?

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मधाला नाव झाडावरून पडतं. जांभळाचा मध, गेळ्याचा मध, हिरड्याचा मध. ही सगळी झाडं मार्च ते मे या काळात फुलतात, त्यामुळे पेट्या ठेवणाऱ्याचं लक्षही तेव्हाच जागं होतं. तोवर उशीर झालेला असतो. सातेरी या आपल्या देशी माशीची कामकरी अंड्यापासून बाहेर यायला १९-२० दिवस घेते. पुढचे दोन-अडीच आठवडे ती पेटीतच राबते: पिलावा, म्हणजे घरांतल्या अळ्या, भरवते, पोळं बांधते, दाराशी राखण करते. रानात जायची पाळी त्यानंतर येते. म्हणजे अंडं घातल्यापासून ती फुलावर जाईपर्यंत ४० दिवस धरून चालावं.

तुमच्याकडे जांभूळ २५ मार्चच्या सुमारास भरात येत असेल, तर त्यावर काम करणाऱ्या माश्यांची अंडी १३ फेब्रुवारीच्या आत पडलेली हवीत. राणी किती अंडी घालणार हे पेटीत येणाऱ्या परागावर ठरतं, कारण अळीला वाढवायला मध पुरत नाही, पराग लागतो. तेव्हा जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पेटीच्या आसपास काय फुलतं, यावर जांभळाचा मध अवलंबून असतो. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा असला, तरी मधमाशांचा वसंत पंचमीलाच सुरू होतो.

आधी पाहणी, मग बियाणं

सातेरी शक्यतो एक किलोमीटरच्या आत चरते. इटालियन माशी, म्हणजे मेलिफेरा, दोन-तीन किलोमीटर सहज जाते. डंख नसलेल्या बारीक माश्यांचा पल्ला काहीशे मीटरचा. मोबाइलच्या नकाशावर पेटीची जागा मध्यभागी धरून एक किलोमीटरचं वर्तुळ आखा, त्याचे चार भाग करा आणि प्रत्येक भागातून दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारा. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. ऊन चढल्यावर मकरंद आटतो, फूल तेच असलं तरी माशी दिसत नाही आणि चांगल्या झाडापुढे आपण उगाच फुली मारून बसतो.

वहीत प्रत्येक झाडाझुडपापुढे एवढं लिहा: संख्या, पहिलं फूल कधी दिसलं, निम्म्या कळ्या कधी उमलल्या, शेवटचं फूल कधी, आणि माशी काय नेत होती. शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. मागच्या पायांवर रंगीत गोळ्या आणि अंग धुळीनं माखलेलं, तर पराग. पाय रिकामे, सोंड फुलाच्या तळाशी आणि एका फुलावर दोन-तीन सेकंद थांबणं, तर मकरंद. पुष्कळ झाडं दोन्ही देतात, पण मका, पिवळा धोत्रा यांच्याकडे माशी फक्त परागासाठी येते.

एका वर्षाच्या नोंदीतच खिंडार दिसतं. घाटमाथ्यावर आणि कोकणात ते बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असतं: पावसाळ्यानंतरची फुलं सुकलेली, आंबा-काजूचा मोहर ओसरत आलेला आणि रानातली मोठी झाडं अजून नुसत्या कळ्यांवर. देशावर खिंडार वेगळं पडतं. तिथे करडई, कांद्याचं बियाणं, हरभऱ्यात किंवा गव्हात काठाला पेरलेली मोहरी असं काहीतरी फेब्रुवारीत मिळतं, पण मार्चमध्ये रब्बी निघाली की कडुनिंब आणि करंज भरात येईपर्यंत उपास. दोन्हीकडचा इलाज एकच असू शकत नाही. म्हणून आधी वही.

बांधावर काय राखायचं

सर्वांत स्वस्त फुलोरा म्हणजे न कापलेला बांध. त्यावर एकदांडी हमखास असते. कुठे तिला दगडी पाला म्हणतात, कुठे कंबरमोडी. वीतभर सरळ दांडा, टोकाला नखाएवढं पिवळट फूल आणि कडेला दुधी रंगाच्या पाच-सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. वनस्पती मूळची मध्य अमेरिकेतली, पण आता आपल्याकडे रस्त्याकडेलाही बारमाही फुलते. मधाच्या हंगामात तिच्याकडे कोणी बघत नाही, पण उपासाच्या दिवसांत पेटीत पराग आणि थोडा मकरंद आणणारी तीच. ती पेरायची गरज नाही. फक्त बांध एकदम साफ करू नका. अर्धा आज, उरलेला तीन आठवड्यांनी. तोवर पहिल्या अर्ध्यावर नवी फुलं आलेली असतात.

ओलसर जागी कुंभ्याची, म्हणजे तुंब्याची पांढरी फुलं थंडीभर टिकतात. ती राखा. पिवळा धोत्रा पडीक जागेत परागासाठी चालेल, पण मोहरीच्या वाफ्यात एकही झाड ठेवू नका. त्याचं बी मोहरीत मिसळलं तर त्या तेलानं अंगावर सूज येऊन माणसं दगावतात. गाजरगवताचा परागही माशी नेते, म्हणून ते ठेवायचं कारण नाही. त्वचेला आणि दम्याला होणारा त्रास फार मोठा आहे, आणि ते वाढलं की एकदांडीला जागा उरत नाही.

कातळावर आणि डोंगरउतारावर धायटी असेल तर तुम्ही नशीबवान. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फांद्यांना चिकटून बोटाच्या पेराएवढ्या लाल नळ्या लागतात, त्यांत मकरंद भरपूर असतो. आसवं-अरिष्टं आंबवायला ही फुलं लागतात, त्यामुळे गोळा करणारे झुडूप ओरबाडून नेतात. गावात बोलून ठेवा: फूल गळायला आल्यावर घ्या आणि झुडपावर निम्मी फुलं राहू द्या.

आंजनीही तोडू नका. फेब्रुवारीच्या पुढे तिच्या जुन्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ येतात, जणू कोणी फांदीला रंगीत दोरा गुंडाळलाय. महाबळेश्वरच्या रानात हे झुडूप मुबलक आहे, आणि परागासाठी त्याच्यावर सातेरीइतकीच आग्या माशीही तुटून पडते.

लाल फुलांची फसगत

फेब्रुवारीत रान पेटल्यासारखं दिसतं ते पळस, पांगारा आणि काटेसावरीमुळे. मधमाशांची चंगळ झाली असं वाटतं. तसं नसतं. पळस आणि पांगाऱ्याचं फूल मुख्यतः पक्ष्यांसाठी बनलेलं आहे. पळसाच्या फुलातली होडीसारखी पाकळी बंद असते, ती उघडायचं बळ सातेरीत नाही. शिंजिर किंवा खारीनं आधी फोडलेल्या फुलातून ती उरलंसुरलं घेते. काटेसावर मात्र खरोखर उपयोगी. तिचा पेला उघडा, मकरंद आणि पराग दोन्ही हाताशी. वर्तुळात चार-पाच जुन्या सावरी असतील तर खिंडार बरंच भरतं. होळीसाठी सावर तोडायची चाल काही भागांत आहे. तुमच्या वर्तुळात तसं होत असेल तर बोलणी होळीच्या आठवडाभर आधी नव्हे, पौषात सुरू करा.

कारवीचाही एक गैरसमज आहे. तिचा मध प्रसिद्ध, म्हणून वसंतात तिचा आधार धरला जातो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते, तीही पावसाळ्याच्या शेवटी. माघात तिचा काही उपयोग नाही.

शोभेच्या झाडांत दोन गोष्टी टाळा. पहिली, रस्त्याकडेला लावतात ती पिचकारी, आफ्रिकन ट्युलिप. तिच्या मोठ्या शेंदरी फुलांत मेलेल्या माश्या सापडतात, आणि डंख नसलेल्या माश्यांना तिचा त्रास जास्त. दुसरी, दुहेरी पाकळ्यांचा झेंडू आणि तसलीच गच्च भरलेली फुलं. पाकळ्या वाढवण्याच्या नादात त्यांतला पराग-मकरंद जवळजवळ गेलेला असतो. एकेरी पाकळीचं साधं फूल केव्हाही चांगलं.

खिंडारात काय पेरायचं: धने आणि मोहरी

खिंडार भरायला धन्यांइतकं सोयीचं पीक नाही. फूल उघडं, मकरंद वरच, त्यामुळे आखूड सोंडेच्या फुलोरी माशीपासून डंख नसलेल्या माशीपर्यंत सगळ्यांना पोचतो. शिवाय धने विकता येतात, तेव्हा घरातूनही विरोध होत नाही.

बियाणं धन्यासाठीचं घ्या. भरपूर पानांसाठी निवडलेल्या जाती फुलावर उशिरा येतात आणि सगळा हिशेब चुकतो. एका गुंठ्याला १५० ग्रॅम पुरे. धने गोणपाटावर पसरून चपलेच्या तळव्यानं हलके रगडा, म्हणजे प्रत्येक दाण्याची दोन दळं होतील. पीठ होईल इतका जोर लावू नका. मग बारा तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवा. एक फुटावर ओळी, खोली दीड-दोन सेंटिमीटर. खोल गेलेलं बी उगवत नाही, आणि न रगडलेलं दोन-दोन आठवडे पडून राहतं. धने उगवले नाहीत अशी तक्रार असते, तिथे बहुधा या दोनांपैकी एक झालेलं असतं.

थंडीत पेरल्यापासून ५० दिवसांच्या आसपास फुलं लागतात आणि तुरा तीन आठवडे चालतो. म्हणून जागेचे तीन तुकडे करा. पहिला १० डिसेंबरला, दुसरा २५ डिसेंबरला, तिसरा १० जानेवारीला पेरा. पहिला जानेवारीच्या अखेरीस फुलतो, तिसरा मार्च सुरू होताना. सगळं एका दिवशी पेरलं तर तीन आठवडे मेजवानी आणि पुढे पुन्हा उपास, आणि असा उपास आधीच्यापेक्षा वाईट, कारण तोवर पिलावा वाढलेला असतो आणि खाणारी तोंडं दुप्पट झालेली असतात. परागाची आवक एकदम तुटली की माश्या अळ्याच खाऊन टाकतात. पोळ्यात मधूनमधून रिकामी घरं दिसायला लागली तर कारण हेच धरा.

पाणी आठ-दहा दिवसांनी. फुलावर असताना ताण पडू देऊ नका. फूल दिसतं, पण त्यात मकरंद नसतो.

मोहरी ४०-४५ दिवसांत फुलते. गुंठ्याला ५० ग्रॅम, फोकून नव्हे, ओळीत. २५ डिसेंबरची पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पिवळी होते. तिचं दुखणं म्हणजे मावा. उशिरा पेरलेल्या मोहरीवर तो हमखास येतो, आणि फुलावर असलेल्या पिकावर फवारणी करायची नाही, म्हणून शेंडे मोडून काढणं किंवा जोराच्या पाण्यानं धुणं एवढंच हातात उरतं. त्यामुळे मोहरी लवकर पेरायची, उशिराची पाळी धन्यांना द्यायची.

दोन-चार गुंठ्यांतून मध काढायची अपेक्षा ठेवू नका. राणीला रोज थोडा ताजा पराग येतोय असं वाटत राहावं, एवढंच या पेरणीचं काम. ज्यांच्याकडे गच्चीच आहे, त्यांनी दोन कुंड्यांतली कोथिंबीर आणि दहा-बारा मुळे न उपटता फुलू द्यावेत. मुळ्याच्या पांढऱ्या-जांभळट फुलांवर सकाळी माशी आली नाही असं सहसा होत नाही.

कांद्याच्या बियाण्याचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण पेट्या भाड्यानं आणून पस्तावलेले शेतकरी इथेच जास्त. कांद्याच्या मकरंदात पालाश खूप असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी मोहरी किंवा धने फुलले असतील तर ती कांद्याकडे ढुंकून बघत नाही. पेट्या कांदा उमलण्याआधी आणून ठेवल्या तर ती दुसऱ्या फुलाची वाट धरते आणि सोडत नाही. दहा-पंधरा टक्के गोंडे उमलल्यावर, संध्याकाळी पेट्या आणा. ज्या वर्षी कांद्याचं बी घ्यायचंय, त्या वर्षी वरची धन्या-मोहरीची पेरणी त्या शेताजवळ करू नका.

पावसाळ्यात लावायची झाडं

शेवगा सर्वांत लवकर फळ देतो, इथे फळ म्हणजे फूल. बियांपासूनची पीकेएम-१ जात पाच-सहा महिन्यांत फुलावर येते. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा चालते. अंतर अडीच मीटर. रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, नाहीतर फुलं बांबूसारख्या उंच शेंड्याला लागतात आणि पहिल्या वाऱ्यात फांदी मोडते. छाटणी करताना सगळी झाडं एकाच दिवशी छाटू नका. निम्मी आता, निम्मी महिन्यानं. फुलोराही तसाच पुढेमागे होतो. शेवग्यावर काळे भुंगे गर्दी करतात, त्यांना हाकलायचं काही कारण नाही.

निर्गुडी बांधाच्या कुंपणाला उत्तम. शेळ्या तोंड लावत नाहीत. जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे, दोन डोळे मातीत जातील असे, हातभर अंतरावर खोचा. निळसर तुरे वर्षातून बरेचदा येतात.

जांभूळ लावायचं तर बी साठवून ठेवू नका. फळ खाल्ल्यावर दहा-पंधरा दिवसांत बी मातीत गेलं पाहिजे, वाळलं की संपलं. बियांचं झाड फुलायला आठ-दहा वर्षं घेतं, कलम चार-पाच. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. देशावर त्याऐवजी करंज आणि कडुनिंब लावा, दोन्ही कमी पाण्यावर मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. घराजवळ कढीपत्ता असेल तर त्याचे पांढरे गुच्छही याच सुमारास येतात. फक्त रोजच्या फोडणीसाठी सगळेच शेंडे खुडू नका, एक बाजू सोडा.

फुलोरा असूनही वसाहत वाढत नाही तेव्हा

पहिला संशय औषधाचा घ्या. हापूसच्या बागांत मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी एकामागून एक फवारण्या होतात, आणि त्यांत इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम यांसारखी माशीला घातक औषधं असतात. दारासमोर सोंड बाहेर आलेल्या, गरगर फिरून मरणाऱ्या माश्या दिसल्या की तेच. शेजारच्या बागायतदाराकडून फवारणीची तारीख आदल्या दिवशी कळेल अशी ओळख ठेवा आणि फवारणी सूर्यास्तानंतर करायची विनंती करा. तेही जमत नसेल तर आदल्या रात्री दार जाळीनं बंद करून पेटीवर ओलं गोणपाट टाका, दुसऱ्या दुपारी उघडा. त्याहून जास्त वेळ कोंडलं तर माश्या गुदमरतात. पेटी हलवायची असेल तर तीन फूट किंवा तीन किलोमीटर. मधलं अंतर हलवलं की रानातून परतणाऱ्या माश्या जुन्या जागी जाऊन घिरट्या घालत संपतात.

दुसरं कारण वणवे आणि राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर फांद्या-पाला जाळणं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावरचं गवत जाळलं की धायटी, आंजनी, एकदांडी एका दुपारी जातात. पेटीभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा साफ ठेवा, पण जाळून नव्हे. भाताच्या राबासाठी फांद्या तोडल्या जातात त्यांत जांभूळ-हिरडाही येतात, आणि खोडापर्यंत खरडलेलं झाड पुढचा हंगाम फुलत नाही. ऐन-किंजळ मिळत असताना फुलणाऱ्या झाडाला कोयता लावू नये, एवढं समजावणं शक्य आहे.

तिसरं, पाणी. माघातल्या कोरड्या हवेत अळ्यांचं अन्न पातळ करायला आणि पेटी थंड ठेवायला पाणी लागतं. पसरट भांड्यात खडे टाकून, खड्यांची डोकी वर राहतील एवढं पाणी पेटीपासून पंचवीस-तीस पावलांवर ठेवा. पहिल्या दिवसापासून ठेवा. माशीला एकदा गुरांच्या हौदाची सवय लागली की ती मोडत नाही.

साखरपाक शेवटचा उपाय. एक किलो साखर, एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी. दिवस मावळल्यावर एका पेटीला पाव लिटर, एक दिवसाआड. दिवसा दिला की दुसऱ्या पेट्यांच्या माश्यांची लूट सुरू होते. पाकानं भूक भागते, परागाची जागा तो घेत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. बाहेर पराग नसताना पाक देऊन अंडी वाढवली तर ती पिलं अर्धपोटी निपजतात.

परागाची आवक मोजायची सोपी रीत: सकाळी आठ-साडेआठला दारापाशी बाजूला बसा, पाच मिनिटं आत येणाऱ्या माश्या मोजा आणि त्यांतल्या किती पाय भरून येतात ते मोजा. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच पेटीवर. आकडा आठवड्यागणिक चढता हवा. दोन आठवडे घसरला तर पेटी उघडण्याआधी वर्तुळात फेरी मारा. बहुतेक वेळा काहीतरी कापलं, जाळलं किंवा फवारलं गेलेलं असतं.

मार्चमध्ये जांभळाखाली सकाळी उभे राहा. कळीची टोपी गळून पांढरे केसर बाहेर येतात आणि थोड्याच वेळात ते जमिनीवर दोऱ्यांसारखे सांडायला लागतात. वर आवाज असतो, माशी दिसत नाही. त्या दिवशी पाक थांबवा आणि पेटी उघडा. पोळ्याच्या वरच्या कडेला ताज्या मेणाची पांढरी किनार आली असेल आणि सगळ्या चौकटी माश्यांनी झाकलेल्या असतील, तर त्याच संध्याकाळी मधुकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, चढवा. किनार नसेल तर आणखी चार दिवस थांबा. रिकामी कोठी लवकर चढवली तर पिलाव्याची ऊब जाते आणि मेणकिडा शिरतो.